ओल्या भिंती आणि घाईचा कंत्राटदार

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. गावभागातले तळमजले कित्येक दिवस पाण्यात उभे होते. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, पण तिथलं पाणी त्या मानाने लवकर ओसरलं. दुरुस्ती करणाऱ्याने आधी हेच विचारायला हवं: पाणी किती चढलं आणि किती दिवस राहिलं? पुरानंतर माझ्या आत्याकडे आलेल्या एका कंत्राटदाराने हे काही न विचारता उंबऱ्यातूनच चौरस फुटाचा दर सांगितला. आत्याने त्याला चहा दिला आणि काम दिलं नाही. तिचं बरोबर होतं.

*

हातोडा लावण्याआधी पंचनामा. तलाठी येऊन जाईपर्यंत, विमा असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत, पाण्याची रेघ भिंतीवरून पुसू नये. प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत. ‘काढून टाकू आधी, कागदाचं नंतर बघू’ म्हणणारा कंत्राटदार तुमच्या भरपाईवर पाणी सोडतो आहे.

*

चिखल निघतो न निघतो तोच दारात माणसं येऊ लागतात. ‘आज इसार द्या, उद्या माणसं लावतो. पुढं गवंडी मिळायचा नाही.’ यातला शेवटचा भाग खरा असतो. सगळ्या गावाने एकदम काम काढलेलं असतं, आणि गवंडी-बिगाऱ्यांचीही घरं पाण्यात गेलेली असतात. म्हणून ही भीती लागू पडते. घरात कोरडी जागा नाही, पोरं नातेवाइकांकडे, म्हातारी माणसं वरच्या मजल्यावर अडकलेली; अशा वेळी ‘उद्या’ हा शब्द ऐकला की माणूस पैसे काढून देतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. सोबत कुणीतरी हवं, जे म्हणेल, रात्रभर थांबू आणि सकाळी ठरवू.

*

वीटकामाच्या वाळण्याचा ढोबळ हिशेब: इंचाला महिना. नऊ इंची भिंतीचा गिलावा दोन्हीकडून काढला, वारं खेळू दिलं आणि दोन्ही बाजूंनी वाळून वेळ निम्म्यावर आला, तरी ऑगस्टचं पाणी संक्रांतीपर्यंत आत राहू शकतं. गिलावा पुराच्या रेघेच्या वर फूटभर तरी काढावा लागतो, कारण ओल वर चढते. वाळलं की नाही ते पाहायला फुकटची परीक्षा आहे. हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावायचा आणि दुसऱ्या दिवशी आतून बघायचा. थेंब दिसले तर थांबायचं.

घाईने गिलावा करून वर ऑइलपेंट किंवा वॉटरप्रूफ पुट्टी मारली की ओल कोंडते. पुढच्या उन्हाळ्यात पांढरा लोणा फुटतो, मग पोपडे. तोवर पैसे घेऊन माणूस गेलेला असतो, आणि दोष पुराच्या नावावर जातो.

आत्याने शेवटी काम दिलं तो म्हातारा मिस्त्री भिंतीवर तळवा ठेवून म्हणाला होता, ‘काकू, गिलावा काढून देतो. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. बाकीचं दिवाळीनंतर बघू.’ गावात कामाचा एवढा सुकाळ असताना हातचं काम पुढे ढकलणारा माणूस मला भरवशाचा वाटतो. त्याच्याबद्दल चौकशी केली ती नंतर, आणि तीही केलीच.

*

चौकशी म्हणजे त्याने नुकतंच संपवलेलं, रंगाचा वास येणारं घर बघणं नव्हे. तीन-चार पावसाळे खाल्लेलं काम बघावं. मोरीच्या मागची भिंत, खिडकीखालचा कोपरा, जोत्याचा सांधा. आणि घरमालकिणीला विचारावं: शेवटचा हप्ता दिल्यावर बोलावलं होतं का, आणि आला का?

*

पैसे. इसार थोडा. मग टप्प्याटप्प्याने, काम डोळ्यांनी बघून: गिलावा काढला, वायरिंग झालं, नवा गिलावा झाला, फरशी बसली. दहा टक्क्यांच्या आसपास रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी, आणि तसं आधीच लिहून घ्यावं. सरकारी कामात ठेकेदाराची अनामत अशीच अडकलेली असते, त्यामुळे अनुभवी माणूस याला रागावत नाही.

काम ‘अंगावर’ दिलं असेल तर कागदावर सिमेंटची जात, वायरची कंपनी, फरशीचा दर, राडारोडा कोण उचलणार, हे सगळं यावं. रोख दिली तरी पावती. ‘आपल्यात कागद कशाला?’ हे वाक्य आलं की कागद नक्की करावा.

*

सळई मोजायला व्यासाचा वर्ग भागिले 162; मीटरचं वजन किलोत येतं. बारा मिलीमीटरची बारा मीटर सळई साडेदहा किलोहून थोडी जास्त भरायला हवी. वाळू बाटलीत पाण्याबरोबर हलवून ठेवावी. वर गाळाचा जाड थर बसला तर गाडी परत. या दोन गोष्टी घरच्यांनी समोर केल्या की पुढचा माल आपोआप बरा येतो.

बाजारातलं बरंचसं सिमेंट फ्लाय ॲश मिसळलेलं असतं. त्याच्या काँक्रीटला भारतीय मानकाप्रमाणे किमान 10 दिवस पाणी मारायचं. तीन दिवसांत सेंट्रिंग काढून दुसऱ्या साइटवर न्यायची गडबड दिसली तर काम तिथेच थांबवावं.

*

वायरिंग परवानाधारक माणसाकडूनच. बुडालेल्या पाइपातून जुनीच वायर ‘चालतेय की’ म्हणून ठेवू देऊ नये. बोर्ड पुराच्या रेघेच्या वर घ्यावेत. यात वाचवलेला पैसा कुणाच्या तरी जिवावर बेततो.

*

घर पाडून पुन्हा बांधायचं असेल तर आधी निळी आणि लाल पूररेषा. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. नगरपालिकेत जाऊन नकाशावर आपलं घर स्वतः बघावं. ‘परवानगीचं माझ्यावर सोडा’ म्हणणाऱ्यावर सोडू नये; नोटीस मालकाच्या नावाने येते.

*

कंत्राटदार कसा आहे हे बिगाऱ्यांना ठाऊक असतं. दुपारी भाकरी सोडतात तेव्हा जवळ बसावं, बाजाराच्या दिवशी मजुरी हातात पडते का ते विचारावं. ज्याच्याकडे बायामाणसांची दोन-दोन आठवड्यांची मजुरी थकलेली आहे, तो तुमच्या इसारातून आदल्या घराचं देणं भागवतो आणि तुमचं काम पुढच्या गिऱ्हाइकाच्या इसाराची वाट बघत राहतं. आत्या रोज ताक द्यायला जायची, तेव्हा तिला हे सगळं कळायचं.