निळा फ्यूज

मलाक्काला निघायच्या आदल्या संध्याकाळी, ब्लॉकच्या बहुमजली कारपार्कमध्ये चाकांत हवा भरताना पंप बंद पडला. गाडीतल्या सॉकेटवरचा फोनचा चार्जरही गेला. मी गॅरेजला फोन लावणार, तोच साताऱ्याहून आलेले बाबा म्हणाले, ‘‘आधी फ्यूज बघ.’’

आमच्या गाडीत फ्यूजच्या पेट्या दोन: एक बॉनेटखाली, दुसरी स्टिअरिंगखाली. झाकणाच्या आत नकाशा असतो. किल्ली काढून सॉकेटचा निळा फ्यूज चिमट्याने ओढला. आतली तार तुटलेली. रंगावरून अँपिअर कळतात: लाल 10, निळा 15, पिवळा 20.

जवळ होता तो पिवळा. मी तोच बसवायला गेलो, तर बाबांनी हात धरला. ‘‘वाड्यात फ्यूज उडाला की मी तार दुहेरी पिळून लावायचो. एकदा आतलं वायरिंगच जळलं. तुझी आई तेव्हा माजघरात एकटी होती. फ्यूज वायरला जपतो रे. तो जाड केलास की जळायची पाळी वायरची.’’

मग पंपावरचे आकडे वाचले. 180 वॅट, 12 व्होल्टवर म्हणजे 15 अँपिअर. त्यात चार्जरची भर. फ्यूजने त्याचं काम चोख केलं होतं.

खालच्या हार्डवेअरच्या दुकानात निळा फ्यूज मिळाला. पहाटे वुडलँड्सच्या रांगेत मी पेट्रोलचा काटा पाऊण टाकीच्या वर असल्याची खात्री केली, नियमच आहे. बाबा मागे झोपले होते. जादा फ्यूज त्यांच्या सुपारीच्या डबीत, तिन्ही रंगांचे.