कृष्ण आणि सुपंडी

राम वाईरकर. हे नाव ऐकलंय? माझ्या वयाच्या मंडळींना विचारून पाहिलं. अंकल पै, म्हणजे अनंत पै, सगळ्यांना आठवतात. वाईरकर म्हटलं की "कोण?" आणि मग सांगावं लागतं की अहो, लहानपणी तुम्ही कृष्ण म्हणून जो डोळ्यांपुढे आणायचात ना, तो यांनी काढलेला!

अमर चित्र कथा १९६७ साली सुरू झाली. पहिले दहा अंक सिंड्रेलासारख्या परदेशी परीकथांचे. अकरावा 'कृष्ण', आपल्या गोष्टींपैकी पहिला. लिहिला पैंनी, काढला वाईरकरांनी. त्या मालिकेचं पुढे जे काही झालं, ते या अंकापासून.

पण मला जास्त कौतुक आहे ते सुपंडीचं. टिंकल १९८० मध्ये निघालं आणि १९८३ साली तमिळनाडूतल्या एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टींतून हा नोकर त्यात आला. मालक सांगेल ते शब्दशः करणारा. आता विचार करा, गोष्ट काय आहे? एक गरीब गडी, सतत बोलणी खाणारा, नोकरीवरून हाकलला जाणारा. नुसती कागदावर वाचली तर थोडी क्रूरच वाटेल (मला तरी वाटते). चित्रात तशी वाटत नाही. काडीसारखं अंग, निमुळतं डोकं, आणि मुख्य म्हणजे तो चेहरा... कामचुकारपणा नाही, लबाडी नाही, काम फत्ते केल्याचा निव्वळ आनंद. मालक कपाळाला हात लावून उभा, आणि हा आपला खूश! आपण हसतो ते निम्मं मालकालाच. लिहिणाऱ्याने मूर्खपणा दिला असेल, पण तो भाबडेपणा रेषेतला आहे.

मुकुट-पितांबर रेखणारा हात हेही काढतो, याचं मला अजून नवल वाटतं. नाव छापलेलं असायचं हो, पण बारीक अक्षरात. गोष्ट सोडून ते कोण वाचतंय! आणि सुपंडी मालकीचा प्रकाशनाचा. चित्रकथांच्या धंद्यात बहुधा असंच असतं, पात्र मोठं होतं आणि काढणारा मागे राहतो.

वाईरकर २००३ साली गेले. सुपंडी थांबला नाही. त्यांची मुलगी, अर्चना आंबेरकर, तो काढू लागली. हे काम मला फार अवघड वाटतं. एरवी चित्रकाराने स्वतःची रेषा शोधायची असते. इथे वडिलांची रेषा सांभाळायची, आणि तीही अशी की सुपंडी बदलला असं एकाही पोराने म्हणू नये.

भाचीकडे जुने-नवे अंक एकत्र पडलेले असतात. यातले आजोबांच्या काळातले कोणते, मुलीचे कोणते, असं तिला विचारलं. तिने दोन-तीन चाळले, म्हणाली, "सगळे सुपंडीचेच आहेत की!" आणि पुन्हा वाचायला लागली.