ब्रेक ऑइलमधलं पाणी

स्पोर्ट्स कारची देखभाल आणि तिच्यातले बदल घरच्या घरी कसे करावेत, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण पावसाळ्यात माझ्या वसईच्या गॅरेजमध्ये आलेली एक ऑक्टेव्हिया आरएस डोक्यातून जात नाही.

२३० अश्वशक्तीची गाडी. मालक तरुण, हौशी. ईसीयू रिमॅप केलेला, एक्झॉस्ट बदललेला. नाशिकहून येताना कसारा घाटात ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं. गिअर उतरवत कशीबशी थांबवली. दुसऱ्या दिवशी एका वर्कशॉपने तपासून ‘सगळं ओके’ सांगितलं. थंड गाडीत ओकेच दिसणार! मी झाकण उघडलं, तर ब्रेक ऑइल चहासारखं काळं.

हे ऑइल ग्लायकॉलवर आधारित असतं आणि हवेतली आर्द्रता ओढून घेतं, अगदी रबरी होजमधूनसुद्धा. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात डिस्क याहून कितीतरी जास्त तापते. ती उष्णता कॅलिपरमध्ये पोचली, की ऑइल उकळून वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय तळाला जातो, चाकापर्यंत जोर पोचतच नाही. गाडी निवली, की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पुरावा नाहीसा होतो. खाडी आणि समुद्राच्या मधे राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी दर दोन वर्षांनी हे ऑइल बदललंच पाहिजे, गाडी कितीही कमी चाललेली असो. ‘किलोमीटर तर झालेच नाहीत’ हे उत्तर ऐकून मी थकलो आहे.

हे काम घरी होतं. जॅकवर भरवसा नको, गाडी स्टँडवर घ्या. ब्लीड निपलला पारदर्शक नळी लावा, एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने निपल उघडायचं आणि पेडल सुटण्याआधी बंद करायचं. टाकी ‘मिन’च्या खाली जाऊ देऊ नका. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली, तर बहुधा स्कॅनरशिवाय ती निघत नाही. रंगावर थेंब सांडला, तर लगेच पाण्याने धुवा. शेवटी चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा; या गाडीला १२० न्यूटन मीटर.

लोकांना मात्र स्पोर्ट्स कार म्हणजे आवाज वाटतो. बंपरमध्ये खाली बसवलेला एअर इनटेक मुंबईबाहेरच्या कोरड्या रस्त्यावर शोभेल. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात साचलं तसं पाणी आलं, तर इंजिन ते पिऊन कनेक्टिंग रॉड वाकवेल. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

स्वतः स्पॅनर हातात घेणारी इथली मुलं मला मनापासून आवडतात. या दिवाळीत गाडीसाठी काही घ्यायचंच असेल, तर रिमॅपआधी एक लिटर सीलबंद डॉट ४ घ्या. उरलेली उघडी बाटली मात्र पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.