खातंय ना, मग झालं?

आपल्याकडे प्रेमाचं माप एकच : पोटभर खाऊ घालणं. मग समोर पाहुणा असो, नाहीतर कासव!

बोनकोड्यात आमच्या शेजारच्या काकूंकडे एक स्टार कासव आहे. घरात लक्ष्मी येते म्हणून कुणीतरी दिलेलं. सकाळी दूध-पोळी, संध्याकाळी काकांच्या चहातलं बिस्कीट. परवा तर स्वारी कोल्ड्रिंकच्या बाटलीचं लाल झाकण चावत होती.

'काकू, हे असलं सगळं त्याला चालतं?'

'अगं, आवडीनं खातं!'

गोची इथंच आहे. लाल-पिवळं काही दिसलं की कासव तोंड घालतं. रानात ती फुलं असतात, गळलेली फळं असतात. फ्लॅटमध्ये झाकणं, खडे आणि थर्माकोल. ते आतड्यात अडकू शकतं. दूध त्याला पचत नाही. गवत-पाल्याऐवजी पोळी-बिस्किटंच मिळाली की कॅल्शियम कमी पडतं, कवच मऊ होतं, वेडंवाकडं वाढतं. कासवाचं सगळंच स्लो, आजारपणसुद्धा. आपल्याला कळेपर्यंत महिने उलटलेले असतात, आणि बिचारं ओरडतही नाही.

त्यात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरात पाळणंच गुन्हा. २०१९मध्ये तर त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली. तरी 'लकी' म्हणून विक्री चालूच.

मी काकूंना वनखात्याचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर लिहून दिला. त्यांचे डोळे भरून आले.

'तिकडे त्याला दूध-पोळी कोण देणार गं?'

कुणीच नाही, काकू. म्हणूनच तर!