मोबाईलला विचारा, आजोबांनाही विचारा

मुलांना घेऊन बेळगावला जायचं म्हटलं की यादी ठरलेली असते: किल्ला, बाजारातला कुंदा आणि परतीच्या वाटेवर निपाणीत चहा. पाहणं कमी, उरकणं जास्त. यंदा मे महिन्यात पुण्याहून दहा वर्षांचा भाचा आणि बारा वर्षांची भाची आली, तेव्हा मी वेगळा प्रयोग केला. फोनवरच्या एआय ॲपकडे ठिकाणांची यादी मागितलीच नाही. ‘तिथं उभं राहून, बघूनच उत्तर सापडेल असे प्रश्न दे, सोप्या मराठीत,’ एवढंच सांगितलं.

किल्ल्यातल्या कमल बस्तीसाठी प्रश्न आला: छतावरचं कमळ कुठल्या दिशेला उमललं आहे? दोघं मान वर करून दगडी पाकळ्या मोजत बसली. हे जैन मंदिर रट्ट राजांच्या काळातलं. त्याच काळातले, १२०४ सालचे बेळगावचे दोन कानडी शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहेत. त्यांत या गावाचं नाव वेणुग्राम असं येतं. वेणू म्हणजे बांबू.

कानडी पाट्यांवर फोनचा कॅमेरा धरला की मराठी भाषांतर दिसायचं. कानडी न येणाऱ्या मुलांना ही मोठीच सोय. पण भाचीने एक शब्द मोठ्याने वाचला तेव्हा तिथल्या रखवालदारांनी हसत उच्चार सुधारला, आणि आणखी चार कानडी शब्द शिकवले. ते काही ॲपने सांगितले नव्हते.

टिळकवाडीतला प्रश्न मला सर्वांत आवडला: इथं हजारो माणसं जमली, तर त्यांना प्यायला पाणी कुठून मिळालं? डिसेंबर १९२४ मध्ये इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. त्या वेळी खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे. विहिरीच्या काठावर उभं राहिल्यावर उत्तर मुलांनीच दिलं. वीर सौधातले जुने फोटो मग त्यांनी आपणहून पाहिले.

निपाणीत मात्र गंमत झाली. बेळगावपासून हे गाव साधारण ७५ किलोमीटर. ॲपला ‘तंबाखूची बाजारपेठ’ यापलीकडे फारसं काही सांगता येईना. शिवाय देवचंद कॉलेज कर्नाटकात आहे, असं त्याने ठामपणे सांगितलं. कॉलेज निपाणीला लागूनच आहे, पण अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात! भाच्याने पाटी वाचून ॲपची चूक पकडली, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

असं का होतं? ही यंत्रं लिहिलेल्या मजकुरावर शिकतात. जिथं लिखाण भरपूर, तिथं उत्तर बरं येतं. जिथं कमी, तिथं ती अंदाज बांधतात, आणि तोही तितक्याच आत्मविश्वासाने.

आमच्या ओळखीचे एक आजोबा हे सगळं ऐकत होते. म्हणाले, “त्यात काय लिवलंय ते बघा, पण हितं काय घडलं ते आमास्नी इचारा की!” मग त्यांनी १९८१ सांगितलं. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी भावासाठी पुणे-बेंगळुरू महामार्गावर ठिय्या देऊन बसले होते. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. १९२५ साली बाबासाहेब आंबेडकर परिषदेसाठी निपाणीत आले होते, हेही त्यांच्याकडूनच मुलांना कळलं. दिवसभर बडबडणारा भाचा त्या वेळी एकदम गप्प होता.

मुलांसाठी शहर उलगडून दाखवायला एआय नक्कीच उपयोगी आहे. प्रश्न काढायला आणि परकी लिपी वाचायला तर फारच. पण आपल्या भागाच्या आठवणी अजून लोकांच्या तोंडी आहेत. त्या मराठीत लिहिल्या गेल्या नाहीत, तर उद्या आपल्याच मुलांना आपलं गाव दोन ओळींत सांगितलं जाईल.

म्हणून पुढच्या सुट्टीत एवढं करा. एक ठिकाण निवडा, ॲपकडून तीन प्रश्न घ्या आणि घरातल्या किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या माणसाला मुलांसोबत न्या. ॲप तुमच्या फोनवरून वापरा. मुलांचं नाव, शाळा, फोटो त्यात टाकू नका. आणि आजोबा-आजी जे सांगतील ते मुलांनाच लिहायला सांगा, तारखा तेवढ्या तपासून घ्या. पानभर झालं तरी पुष्कळ आहे.