आवलीच्या वाटेने चिंचवडला

चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर रविवारी दुपारीही कंटेनर थांबत नाहीत. महाळुंगे गेलं, खालुंब्रे गेलं, तरी दोन्ही बाजूंना गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या शेड, वजनकाटे, कामगारांच्या खोल्या आणि खानावळींच्या पाट्या. पुढे सुदुंबरे लागतं. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी इथे आहे.

संध्याकाळी चिंचवडला ‘संगीत देवबाभळी’चा प्रयोग होता. चाकणकरांना चिंचवड गाठायचं तर मोशी, भोसरी हा सरळ रस्ता. पण ताईने हट्टाने गाडी इकडे वळवायला लावली. “नाटक देहूचं, आणि देहूला न जाता बघायचं होय रे?” तिच्या या प्रश्नाला उत्तर नव्हतं. नाटक दोघांनीही आधी पाहिलेलं होतं. आता ते ज्या मातीत घडतं ती आधी पाहायची आणि मग नाट्यगृहात शिरायचं, असं ठरलं.

नाशिकच्या प्राजक्त देशमुखांनी ‘देवबाभळी’ आधी एकांकिका म्हणून लिहिली आणि बसवली. डिसेंबर 2017 मध्ये भद्रकाली प्रॉडक्शन्सने ती दोन अंकी नाटकाच्या रूपात व्यावसायिक रंगभूमीवर आणली. ‘वस्त्रहरण’ गावोगावी नेणाऱ्या मच्छिंद्र कांबळींची ही संस्था. संगीत आनंद ओक यांचं, नेपथ्य प्रदीप मुळ्ये यांचं. पात्रं मात्र दोनच: शुभांगी सदावर्ते यांची आवली आणि मानसी जोशी यांची रखुमाई. या संहितेसाठी देशमुखांना 2020 चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला.

गोष्ट मावळातल्या घराघरात ठाऊक असलेली. भंडारा डोंगरावर नामस्मरणात रमलेल्या तुकोबांना भाकरी पोचवायला निघालेल्या त्यांच्या पत्नीच्या, आवलीच्या पायात काटा रुततो आणि विठ्ठल स्वतः तो काढतो. लोककथा इथे संपते, नाटक इथून पुढे सुरू होतं. रुसून दिंडीरवनात गेलेल्या रखुमाईला विठ्ठल आवलीच्या शुश्रूषेला पाठवतो. ती लखुबाई या नावाने देहूतल्या त्या घरात राहते. आवली पोटुशी आहे, तिला पाय टेकवत नाही, आणि तोंडाने त्या काळ्याचा उद्धार चालू आहे. समोर बसून ते ऐकणारी बाई त्याच काळ्याची बायको आहे, हे तिला ठाऊक नाही.

भंडाऱ्यावर आता गाडीरस्ता जातो. आम्ही मात्र शेवटचा टप्पा पायी चढलो. माथ्यावरून इंद्रायणीचं खोरं दिसतं, आणि चाकणच्या बाजूला नजर टाकली की कारखान्यांची निळी-पांढरी छपरं. तुकोबांनी ध्यान केलं तो दुसरा डोंगर, भामचंद्र, त्याच दिशेला. त्याच्या आसपास, शिंदे-वासुलीच्या शिवारात, आज औद्योगिक वसाहत पसरली आहे. देहू इथून साधारण सहा किलोमीटर. कागदावर हे अंतर फार वाटत नाही. पण डोक्यावर भाकरीचं गाठोडं, अनवाणी पाय, पोटात मूल आणि शेवटी ही चढण! ताई एका दगडावर टेकली आणि खालच्या वाटेकडे बघत राहिली. तिनेही पहाटे चारला उठून पहिल्या पाळीचे डबे वर्षानुवर्षं भरले आहेत. “जेवला का, एवढं तरी कळायला हवं ना रे बाईला,” एवढंच म्हणाली.

आवलीला कजाग ठरवणाऱ्यांनी तिचा काळ पाहावा. 1630 च्या भीषण दुष्काळाने तुकोबांची पहिली पत्नी नेली, मुलगा नेला, व्यापार बुडाला. त्या घराचा गाडा पुढे ओढला तो या दुसऱ्या पत्नीने. पहिल्या पत्नीचं नाव रखमाबाई होतं, हे लक्षात ठेवून नाटक पाहिलं तर लखुबाईचं त्या घरात येणं मनाला आणखी खोल लागतं.

देहूत फार थांबलो नाही. देऊळ, इंद्रायणीचा डोह, आणि निघालो. देहूरोड, निगडी, आकुर्डी हा रस्ता पालखीचाच. 1685 मध्ये पालखी सोहळा सुरू करणारे नारायण महाराज म्हणजे तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर जन्मलेलं आवलीचं मूल. दरवर्षी देहू सोडल्यावर पालखीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात पडतो.

चिंचवडचं प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह गच्च भरलं होतं. बाहेर नाटकाचा ट्रक उभा, आत तिसरी घंटा. दौऱ्यावरचं नाटक प्रत्येक गावात थोडं वेगळं होतं, ते प्रेक्षकांमुळे. इथे भंडाऱ्याचं नाव आलं आणि सभागृहात हालचाल झाली. त्या डोंगराच्या पायथ्याला राहणारी, रोज त्या रस्त्याने कामाला जाणारी माणसं खुर्च्यांत बसली होती.

1880 मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून मराठी माणसाने नाट्यपदांवर जीव टाकला. पण कित्येक संगीत नाटकांत गायक गायला लागला की गोष्ट ताटकळते. ‘देवबाभळी’त तसं होत नाही. गाणं घरकामातून, दुखण्यातून, भांडणातून उगवतं आणि बोलणं जिथे थिटं पडतं तिथून गोष्ट पुढे नेतं. या पिढीने संगीत नाटकाला दिलेलं हे सगळ्यात मोलाचं देणं आहे, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या वेळी डोळे आवलीवरून हलले नव्हते. तिचा फटकळपणा, तिची तडफड, तिचा खणखणीत गळा सगळं लक्ष खेचून घेतात. या वेळी मी ऐकणारीकडे पाहत होतो. आवली नवऱ्याबद्दल एकेक तक्रार सांगते, आणि मानसी जोशींच्या चेहऱ्यावर रखुमाईची स्वतःची तक्रार सरकत जाते. काटा एकीच्या पायात आहे. पण सल दोघींचा आहे. पट्टी बांधणारे हात मध्येच थबकतात, ते आधी माझ्या नजरेतून निसटलं होतं.

पुढे नोव्हेंबर 2023 मध्ये पाचशेव्या प्रयोगाला भद्रकालीने नाटकाला निरोप दिला आणि जानेवारी 2024 मध्ये शंभरावं नाट्यसंमेलन याच पिंपरी-चिंचवडमध्ये भरलं. त्या रात्री यातलं काहीच समोर नव्हतं. परतताना नाशिक फाट्यापासून मोशीपर्यंत आमचा वाद रंगला होता. माझं म्हणणं, रखुमाईच्या रुसव्याला विठ्ठलाने एकदा तरी समोर येऊन उत्तर द्यायला हवं होतं. ताई ऐकायला तयार नव्हती. विठ्ठल आणि तुकोबा, दोघांपैकी एकही रंगमंचावर येत नाही, हेच तिला सगळ्यात आवडलं होतं. “ते आले असते तर या दोघी बोलल्या असत्या का रे एवढं?” ती म्हणाली, आणि चाकण येईपर्यंत तिने मला बोलू दिलं नाही.