खंजिरीची बिदागी

चांदूर रेल्वेला लागून असलेल्या तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी आहे. त्यामुळे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने आमच्याकडे कुणी मुद्दाम शिकत नाही. ती कानावर असतातच. लोकसाहित्याच्या तासाला मी हल्ली ती मोबाइलवर ऐकवतो. एकदा भजनाच्या तोंडीच सिमेंटची जाहिरात लागली. वर्ग हसला. "फुकट पायजे तं एवढं आयकाच लागते, सर," एक विद्यार्थी म्हणाला.

या व्यवहाराची अर्धी बाजू त्याने नेमकी सांगितली. श्रोता पैशांऐवजी आपला वेळ देतो आणि जाहिरातदार तो विकत घेतो. उरलेली अर्धी बाजू वाटपाची. स्पॉटिफायसारख्या सेवेत जाहिरातींचे उत्पन्न एका राशीत जमा होते. कंपनीचा हिस्सा वजा जाता बाकी रक्कम एकूण ऐकण्यातील वाट्यानुसार हक्कधारकांना मिळते. म्हणजे माझ्या वर्गाने महिनाभर निव्वळ खंजिरी ऐकली, तरी त्या ऐकण्यातून उभा राहिलेला पैसा बहुतांशी हिंदी चित्रपटगीतांकडे वाहतो. यूट्यूबचा हिशेब निराळा आहे. तेथे त्या चित्रफितीवरील जाहिरातीच्या उत्पन्नातील ५५ टक्के वाहिनीच्या मालकाला मिळतात. मात्र त्याआधी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण गाठावे लागते (किंवा छोट्या चित्रफितींची प्रचंड संख्या). शिवाय वाहिनीचा मालक म्हणजे गायक नव्हे. बऱ्याचदा तो ज्याच्या हाती मोबाइल होता, तो असतो.

फुकट ऐकण्याबद्दल माझी तक्रार नाही. भजन ऐकणाऱ्याला ते केव्हाच विकत घ्यावे लागले नाही. गाव वर्गणी काढी, मंडळाला जेवू घाली, बिदागी देई. ती खंजिरीवाल्यापासून झिलकऱ्यापर्यंत त्याच रात्री वाटली जाई. रक्कम तुटपुंजी असे, क्वचित अपमानास्पदही. पण देणाऱ्याला घेणारा दिसत असे. नव्या व्यवस्थेत नेमके हेच नाते तुटले आहे.

कायद्याने काही केले नाही असे नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटातील गीताचा गीतकार आणि संगीतकार, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता, अन्य वापरावरील स्वामित्वधनाचा समान वाटा सोडून देऊ शकत नाहीत. तो वारसांना किंवा प्रताधिकार संस्थेलाच सोपवता येतो. अमरावतीचे सुरेश भट २००३ साली गेले. त्यांच्या शब्दांवरील प्रताधिकार २०६३ च्या अखेरपर्यंत टिकेल. तुकडोजी महाराजांचे निर्वाण १९६८ चे, म्हणजे त्यांच्या रचना २०२८ संपताच सर्वांच्या होतील. ज्याचे नाव कागदावर आहे त्याच्यासाठी ही तरतूद मोलाचीच. पण मंडळात पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलेल्या चालीचा संगीतकार कोण म्हणून नोंदवायचा?

त्यातच स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला, की मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला राशीतून काहीच मिळणार नाही. क्षुल्लक रकमा वाटण्याचा खर्च परवडत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद हिशेबाच्या दृष्टीने पटण्याजोगा आहे. पण एखाद्या खेड्यातल्या मंडळाचे भजन ९०० वेळा ऐकले जाणे, ही आमच्याकडे भरलेली यात्रा झाली! तिचे मोल शून्य.

विद्यार्थ्यांच्या क्षेत्रपाहणीच्या तक्त्यात मी यंदा तीन रकाने वाढवले: खंजिरी कोणाची, चाल कोणाकडून आली, ध्वनिमुद्रण कोणाच्या खात्यावर आहे. पहिले दोन रिकामे येतात. तिसऱ्यात नाव येते, ते बहुधा भजनात नसलेल्या माणसाचे.